तीस वॅटचं कार्ड आणि मामांचं गेट

खोकं मोजलेलं नसताना मी मामांना नंबर दिला. चूक एवढीच. एवढ्याशानं काय होतं, असं कुणालाही वाटेल. पण ज्यांनी आमचे मामा पाहिले आहेत ते हे एक वाक्य वाचूनच कपाळाला हात लावतील, आणि हा माणूस अजून त्या घरी जेवायला जातो कसा, असं विचारतील. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, माझे मामेसासरे. त्यांच्याइतका खात्रीचा माणूस गोदावरीच्या अलीकडं झालेला नाही. पलीकडं झाला असेल, तर तो मामांनी झेंडी दाखवलेल्या गाडीतूनच तिकडं गेला असणार.

मामा एकतीस वर्षं रेल्वेचे गेटमन होते. पूर्णा आणि चुडावा या दोन स्टेशनांच्या मधे एक बैलगाडीची वाट रूळ ओलांडून शिवारात उतरायची, तिथं त्यांचं गेट. गाडी यायची झाली की स्टेशनातून मास्तरांचा फोन यायचा. मामा गेट लावायचे, कुलूप दोनदा ओढून बघायचे आणि मग फोनवर एक दोन आकडी नंबर सांगायचे. त्या नंबराला स्वतःचा काही अर्थ नसतो. छापील कागदावरचा पुढचा आकडा, बस. पण एकदा तो सांगितला की त्याचा अर्थ होतो: गेट लागलंय, माझ्या हातानं लावलंय, आता खुशाल गाडी सोडा. मास्तर तो नंबर वहीत लिहितात, आणि त्या दोन आकड्यांच्या भरवशावर हजारभर माणसं डोळे मिटून पुढं सरकतात. नोकरी संपली, मामा चुडाव्यात घर बांधून राहिले, पण नंबर काही सुटला नाही. घरातली कुठलीच गोष्ट नंबराशिवाय झालेली त्यांना मान्य नसते. फडताळात एक लांबोडकी वही आहे, तिला दोरीनं पेन बांधलेलं आहे. ‘‘गॅस बंद केला?’’ ‘‘केला.’’ ‘‘नंबर?’’ की मामी चुलीकडं तोंड ठेवूनच म्हणतात, ‘‘बेचाळीस.’’ मामी गेली कित्येक वर्षं बेचाळीसच सांगतात. मामांचा त्यावर आक्षेप आहे, एकदा दिलेला नंबर परत देता येत नाही, तसा कायदा आहे. मामींचं उत्तर ठरलेलं: ‘‘गॅसबी त्योच हाय, बायकूबी तीच हाय. नंबर कामून बदलू?’’

माझ्या लग्नात ह्या माणसानं वरात अडवली होती. वरात पूर्णेच्या बाजारातून चालली होती, मी घोड्यावर, पुढं बँड, मागं परभणीची चाळीसेक मंडळी, आणि लांबवर कुठंतरी शिट्टी वाजली. रूळ तिथून चांगले मैलभर लांब. पण मामांचा हात आपोआप वर गेला, ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, बँड थांबला, घोडा थांबला, आणि शेवटच्या डब्याची खडखड विरून जाईपर्यंत आम्ही सगळे एखाद्या फोटोत उभे असल्यासारखे उभे होतो. मग मामांनी खिशातला हिरवट रुमाल हलवला आणि वरात सुटली. तेवढ्यात मुहूर्त गेला. भटजी कुरकुरले तर मामा म्हणाले, ‘‘मुहूर्त चुकला तर दुसरा काढता येतो, महाराज. वरात गाडीखाली गेली तर नवरदेव दुसरा काढनार का?’’ भटजींनी माझ्याकडं बघितलं, आणि मला उगीचच असं वाटलं की त्यांना तो पर्याय अगदीच वाईट वाटत नव्हता.

पाहुणा निघाला की मामा दारात येऊन उभे राहतात. निरोप देत नाहीत, तपासतात. गेटवरून गाडी जाताना प्रत्येक डबा बघायचा असतो, कुठं काही लोंबतंय का, कुठल्या चाकातून धूर येतोय का, आणि शेवटच्या डब्याच्या मागं शेवटचा डबा असल्याची पाटी आहे का. ती नसली तर गाडीचा तुकडा मागं राहिलाय असं समजायचं. म्हणून आमची रिक्षा हलली की मामा डोक्यापासून शेपटापर्यंत नजर फिरवतात आणि मोजतात: जावई, भाची, दोन पिशव्या, छत्री. नातेवाईक यावर खूप हसायचे. पण एकदा समोरच्या गुरुजींची नवी मोटरसायकल निघाली, मागं बसलेल्या बाईंच्या पदराचं टोक चाकाशी भिरभिरत होतं, आणि मामांनी अशी काही आरोळी ठोकली की गुरुजी जागच्या जागी थांबले. पदर तोवर साखळीत गेलेला होता. त्या दिवसापासून मामांना चुडाव्यात कोणी हसत नाही. निदान समोर.

आता माझं. मी परभणीत मुलांना संगणक शिकवतो. म्हणजे तो सुरू कसा करावा हे शिकवतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बंद कसा करावा हे शिकवतो. मधल्या वेळात मुलं मला पुष्कळ काही शिकवतात. पण सासुरवाडीच्या मंडळींच्या लेखी संगणक मी शोधून काढलेला आहे, आणि मी आजवर तसं नसल्याचा खुलासा करण्याचा हलकटपणा केलेला नाही. आमच्या घरचा जुना संगणक भंगारात निघाला तेव्हा बायको म्हणाली, मामांना देऊन टाका, गेट बंद झाल्यापासून मामा नुसते भिंतीकडं बघत बसतात. खरंच होतं ते. मामा निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी त्या वाटेवर रुळाखालून भुयारी रस्ता झाला. गेट निघालं, गेटशेजारची मामांची खोली एका सकाळी जेसीबीनं काढली. मामा बघायला गेले नाहीत. मामी गेल्या होत्या; येताना जास्वंदीची एक फांदी घेऊन आल्या, ती काही लागली नाही.

तर तो आडवा, पाटासारखा बसका संगणक मी चुडाव्याला नेऊन दिला आणि त्यात एक रेल्वे चालवायचा खेळ घालून दिला. बर्फाच्या डोंगरातून लाल गाडी चालली होती. मामांनी बराच वेळ बघितलं.

‘‘हे कुठलं?’’

‘‘परदेश आहे, मामा.’’

‘‘बाभळी कुठं गेल्या?’’

‘‘तिथं बाभळी नसतात.’’

‘‘मग गँगमन दुपारी बसतो कुठं?’’ मामा म्हणाले, आणि पडद्याकडं पाठ करून बसले.

पण त्या खेळात आपली लाइन आपल्याला टाकता येते, एवढं मी जाता जाता सांगितलं, आणि तिथंच सगळं सुरू झालं. पुढची तीन वर्षं मामा पूर्णा ते चुडावा लाइन टाकत बसले. दोन्ही हातांनी माउस धरून, जणू तो उंदीर पळून जाईल. मी अधूनमधून जाऊन बघायचो आणि प्रत्येक वेळी थोडा जास्त वेळ बघत राहायचो. पूर्णेचं यार्ड सोडलं की तिथला वाकडा कडुलिंब वाकडाच होता. विहिरीवरची मोडकी मोट, कालव्याच्या कडेचे बगळे, तुरीच्या पिवळ्या ओळी, मधेच एक काळंभोर रान. एका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बैल सोडलेली बैलगाडी उभी होती. ती कुणाची म्हणून विचारलं तर मामांनी एका शेतकऱ्याचं नाव सांगितलं, ते वारून बारा वर्षं झालेली होती. ‘‘मग बैलगाडी?’’ ‘‘त्येंची जागा हाय ती,’’ मामा म्हणाले. आणि त्या सगळ्यावर पौष महिन्यातला दुपारी चारचा उजेड. खेळात सकाळ, दुपार, रात्र, पाऊस, धुकं सगळं करता येतं. मामांनी कायमचा पौषातला चारचा उजेड ठेवला. त्या उजेडात बसलं की बाहेर ज्येष्ठाची काहिली असली तरी अंगावर शाल घ्यावीशी वाटायची.

फक्त एक अडचण होती. गाडी पूर्णेहून सुरळीत निघायची, वळण घ्यायची, आणि मामांचं गेट दोनशे पावलांवर आलं की चित्र गोठायचं. आधी अडखळायचं, मग एकेक डबा एकेका श्वासानं हलायचा, मग ठप्प. का, तर बाकीची लाइन मामांनी शिवारासारखी मांडली होती, पण गेट संसारासारखं. जास्वंदीचं पान न् पान. पाण्याचा तांबडा ड्रम, त्याला पडलेला पोचा. खाट, खाटेखालच्या वहाणा. शेळी. आणि खोलीपुढं मामींनी वाळत घातलेल्या मिरच्या, त्या एकेक करून ठेवलेल्या. त्या म्हाताऱ्या संगणकाला एवढं एका नजरेत बघवत नव्हतं.

‘‘मामा, मिरच्या थोड्या कमी केल्या तर...’’ मी सुचवलं.

‘‘हात लावायचा न्हाई मिरच्यांला,’’ मामी आतून म्हणाल्या. ‘‘त्या साली लय चांगल्या आल्त्या.’’

त्या दिवशी मामा पहिल्यांदा मनातलं बोलले. ‘‘जावईबापू, एकतीस वर्षं मी खाली उभा. गाडी यायची, डायवर हात करायचा, मी झेंडी धरायचो, गाडी जायची. डायवरला काय दिसत आसंल, ते मला कवा मालूमच न्हाई. इंजनात मला कोन बसू देनार? आन् आता गेटच न्हाई. हितं हाय तेवढंच. एकदा, फकस्त एकदा, त्या बाजूनं जायचंय.’’ मग हसून म्हणाले, ‘‘नोकरीत कवा गाडी अडवली न्हाई मी. आता रोज अडवायलोय.’’

मी म्हटलं, ग्राफिक्स कार्ड घालू. म्हणजे काय, तर चित्र काढायला एक वेगळा गडी ठेवायचा. मामांचा पहिला प्रश्न: ‘‘खातो किती?’’ प्रश्न बरोबर होता. त्या बसक्या संगणकाचा वीज देणारा डबा दोनशे चाळीस वॅटचा, त्यात घरचे बाकीचे गडी आधीच जेवत होते. शिवाय खोकं बसकं, म्हणून कार्डही बुटकंच हवं. हे सगळं मला माहीत होतं का? आज माहीत आहे.

परभणीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं अदबीनं विचारलं, ‘‘सर, खोकं कसलं आहे? उभं का आडवं?’’ दुकानात दोन अनोळखी पालक उभे होते, त्यांच्यासमोर संगणकाच्या मास्तरला हा प्रश्न. मी म्हटलं, ‘‘खोक्याचं तुम्ही मला सांगता?’’ त्यानं तीन पंख्यांचं, हातभर लांब कार्ड काढून समोर ठेवलं. काळंकभिन्न, तेजस्वी, एखाद्या संस्थानिकाच्या बग्गीसारखं. तेवढ्यात मामांचा फोन.

‘‘जावईबापू, खोकं मोजलंत ना?’’

‘‘मोजलं.’’

‘‘पट्टी लावून?’’

‘‘लावून.’’

‘‘नंबर?’’

मी वर बघितलं, समोरच्या कॅलेंडरवर काहीच सोयीचं दिसेना, तोंडात आलं ते बोललो. ‘‘सत्तेचाळीस.’’ तिकडं पेनाची कुरकुर ऐकू आली.

ते कार्डाचं खोकं मांडीवर घेऊन मी पॅसेंजरनं चुडाव्याला गेलो. डब्यातल्या एका पागोटेवाल्यानं विचारलं, ‘‘शेगडी नेताव का पाव्हणं?’’ मी त्याला तुच्छतेनं हसलो. तो खऱ्याच्या किती जवळ गेला होता ते तासाभरात कळलं. मामांनी संगणकाचं झाकण काढून पुसून ठेवलं होतं, उदबत्ती लावली होती, मामी पदराला हात पुसत येऊन बसल्या होत्या. मी कार्ड काढलं आणि आत ठेवायला गेलो. पाळण्यात पहिलवान निजवावा तसं झालं. लांबीनं ते वीतभर बाहेर, उंचीनं झाकणाच्या वर, आणि वरून त्याला वेगळी वीज लागणार होती, तिची आठ छिद्रं आ वासून माझ्याकडं बघत होती. तसली वायर त्या संगणकाच्या सात पिढ्यांत नव्हती. मी तिरपं करून बघितलं, उलटं करून बघितलं. ‘‘भिताडात घालताव का आता?’’ मामी म्हणाल्या.

मामा उठले, फडताळातून वही आणली, पान काढलं आणि माझ्यापुढं धरलं. वेळ, माझं नाव, ‘खोकं मोजलं’, आणि पुढं सत्तेचाळीस. मग तांबड्या पेनानं त्यांनी खाली सावकाश लिहिलं, ‘मोजलं नव्हतं’. वही मिटली. ‘‘गेट लावल्याबिगर नंबर दिला की मानूस मरतं, जावईबापू,’’ ते म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मग मामींनी धपाटे वाढले, दही वाढलं, जावयाला वाढतात तसं आग्रहानं वाढलं, आणि मी मान वर न करता ताट संपवलं. परभणीला पोचल्यावर नेहमीसारखा फोन आला. ‘‘पोचलात का?’’ ‘‘पोचलो, मामा.’’ मी नंबर सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी मागितला नाही. ‘‘बरं,’’ म्हणाले आणि ठेवून दिला. नंतरचे कितीतरी फोन तसेच गेले. वीस वर्षं ज्या नंबराची मी टिंगल केली होती, तो कुणी मागेना तेव्हा माझं मलाच कळेना की मी पोचलोय की नाही.

महिन्यानं मामा स्वतः परभणीला आले. हातात पिशवी, पिशवीत वही आणि शर्टाच्या खोक्यातून कापलेलं पुठ्ठ्याचं कार्ड. पट्टीनं मोजून, चारी बाजूंनी आकडे लिहून, खाचेच्या जागी खाच पाडून आणलेलं. दुकानात गेल्यावर त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं. मी आपण होऊन आत गेलो आणि कोपऱ्यात उभा राहिलो.

दुकानदार भला माणूस, त्यानं ते थोरलं कार्ड तक्रार न करता बदलून द्यायचं कबूल केलं. ‘‘सर को मैं उसी दिन पूछा था, चाचा,’’ एवढंच म्हणाला. मग त्यानं तीन लहान कार्डं मांडली. मामांनी प्रत्येकाशी पुठ्ठा लावून बघितला आणि प्रत्येकाला तोच प्रश्न. पहिल्याला पंखाच नव्हता, खाणंही चिमणीचं. मामा खुश झाले, पण दुकानदारानं मान हलवली. ‘‘ये आपकी गाडी नहीं खींचेगा, चाचा. घसीटेगा.’’ दुसरं दांडगं होतं, पण पंचाहत्तर वॅट मागत होतं. खाचेतून मिळते तेवढी सगळी वीज. मामा म्हणाले, ‘‘म्हंजे काठोकाठ. काठोकाठ न्हाई चालायचं. चढावर गाडी मागं येती.’’ तिसरं तळहाताएवढं, एक बारका पंखा, वेगळी वायर नको, खाणं तीस वॅट. मामांनी ते उजेडात धरलं. एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं, मग शेपूट बघितलं, अगदी शेवटच्या डब्याची पाटी शोधावी तसं. शेपटाची लोखंडी पट्टी लांब होती. दुकानदारानं खोक्यातली आखूड पट्टी काढून दोन स्क्रूत बदलून दिली. मामांनी वहीच्या मागच्या पानावर दोनशे चाळीसमधून एकेक गडी वजा केला, खाली उरलं ते दोनदा तपासलं.

‘‘चालंल ना नक्की?’’

‘‘चलेगा, चाचा.’’

‘‘नंबर द्या.’’

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी हळूच सांगितलं, कोणताही द्या, पण खरं असेल तरच द्या. त्यानं कार्ड परत हातात घेतलं, पुठ्ठ्याला लावून बघितलं, खाणं वाचलं आणि मग म्हणाला, ‘‘छियासी.’’ मामांनी शहाऐंशी लिहून घेतलं. मला त्या माणसाचा जसा मत्सर वाटला, तसा आजवर कुणाचा वाटला नाही.

चुडाव्याला कार्ड मामांनीच बसवलं. माझ्याकडं बॅटरी धरायचं काम होतं, आणि मी ती इतकी स्थिर धरली की हाताला मुंग्या आल्या. कार्ड खाचेत गेलं, झाकण लागलं, पंखा माशीसारखा गुणगुणू लागला. बाहेरही चार वाजले होते. मामी खाटेवर येऊन बसल्या. गाडी पूर्णेहून निघाली.

वाकडा कडुलिंब आला, गेला. विहीर, बगळे, तुरीच्या ओळी. धुऱ्यावरची बैलगाडी. तो पौषातला उजेड पडद्यातून खोलीत सांडत होता आणि मामांच्या चष्म्यावरून रूळ मागं जात होते. वळण आलं. आम्ही तिघांनीही श्वास धरला, आणि गाडी अडखळली नाही. पाण्यावरून होडी सरकावी तशी सरकत राहिली. तांबडा ड्रम दिसला, जास्वंद दिसली, मिरच्या एकेक दिसल्या, शेळीनं मान वर केलेली दिसली. गेट आलं, शेजारून गेलं, मागं राहिलं. मामांनी गाडी चुडाव्याला आणून उभी केली आणि हात मांडीवर ठेवले.

‘‘गेटवर मानूस न्हाई,’’ ते म्हणाले.

खरंच नव्हता. तीन वर्षांत त्यांनी तिथं पान न् पान ठेवलं होतं, वहाणा ठेवल्या होत्या, आणि वहाणांचा मालक ठेवायचा राहिला होता. गेटवर उभ्या असलेल्या माणसाला सगळं दिसतं, तो स्वतः सोडून.

‘‘आगं, मीच न्हाई की तिथं,’’ मामा मामींकडं वळून म्हणाले, एखादी वस्तू कुठं ठेवली ते बायकोला विचारावं तसं.

‘‘तुमी कवा बगितलं सोताला?’’ मामी म्हणाल्या. ‘‘मी बगायची. शिवारातून येताना रोज बगायची.’’

‘‘कसं दिसायचं?’’

‘‘कसं दिसनार? मानूस उभं हाय, येवढंच.’’ मग थोड्या वेळानं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, ‘‘पन उभं हाय, ते लय लांबून कळायचं.’’

 मी म्हटलं, मामा, तुमचा फोटो काढून तिथं उभा करू, तेवढं मला खरंच येतं. मामा म्हणाले, ‘‘मी इंजनात हाय. येका वक्ताला दोन ड्यूट्या न्हाई करता येत.’’ मग माझ्याकडं बघून, ‘‘तुमी ऱ्हावा उभं.’’

‘‘मी?’’

‘‘एकदा चुकल्यालं मानूस गेटवर बरं. ज्यो कवाच चुकला न्हाई त्येच्या भरवशावर गाडी न्हाई सोडावी.’’

मामांचा निळा सदरा मला घालायला मिळाला. त्याची मधली दोन बटणं लागली नाहीत. अंगणात हिरवी झेंडी घेऊन मी उभा राहिलो. इंजनातून गेटमन बाजूनं दिसतो, म्हणून फोटो बाजूनंच काढायचा असं मामांनी बजावलं, आणि झेंडी धरायची कशी हे शिकवायला त्यांनी पाऊण तास घेतला. ‘‘हलवायची न्हाई. धरायची. हलवनारा भ्यालेला आसतो.’’ परभणीला जाऊन मी चार दिवस त्या फोटोभोवतीचं अंगण खरवडून काढलं, माझी कडा नीट केली, आणि पुढच्या रविवारी चुडाव्याला जाऊन स्वतःला गेटवर उभं केलं. खोलीच्या दाराशी, रुळाकडं तोंड करून. निघण्याआधी मामांनी विचारलं, ‘‘गेट लावलंत?’’ मी तीनदा बघितलं. लागलेलं होतं. मग मामांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, ‘‘नंबर?’’

तो मी इथं सांगणार नाही. तो एकदाच द्यायचा असतो.

गाडी पूर्णेहून निघाली. वळणावर मामांनी खुर्चीत पाठ सरळ केली. लांबवर, पिवळ्या उजेडात, एक ठिपका दिसला, ठिपक्याचा माणूस झाला, माणसाच्या हातात हिरवं काहीतरी होतं आणि ते हलत नव्हतं. मामांनी उजवा हात कळफलकावरून उचलला आणि वर केला. एकतीस वर्षं रोज त्यांच्यासाठी कुणीतरी करायचं, तसा. खुर्चीमागं उभ्या असलेल्या माझाही हात वर गेला, का ते मला माहीत नाही. जास्वंद जवळ आली, ड्रम जवळ आला, तो निळ्या सदऱ्यातला माणूस मोठा मोठा होत अगदी खिडकीशी आला. मामांचे डोळे भरले होते आणि हात अजून वरच होता. खोलीत फक्त त्या बारक्या पंख्याची गुणगुण.

‘‘आवं, जावईबापूला पोट आत घ्याया सांगा,’’ मामी खाटेवरून म्हणाल्या, ‘‘गाडीला घासंल.’’